संघ सोडून गेलेले

२०२५ च्या मे महिन्यात करमाडला जालना रोडवरच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात मोठा वाद झाला. बांधावरून नाही, निवडणुकीवरून नाही. लिव्हरपूलचा ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड क्लब सोडून रिअल माद्रिदला चालला होता, त्यावरून! शेंद्रा एमआयडीसीत कंत्राटी कामाला जाणारा एक पोरगा, कट्टर लिव्हरपूलवाला, अक्षरशः लाल झाला होता. "सहा वर्षांचा असल्यापासून क्लबनं वाढवला. आता करार संपवून फुकटात चालला. गद्दार आहे तो." समोर माद्रिदचा जुना पांढरा शर्ट घातलेला दुसरा. तो शांतपणे म्हणाला, "करार संपला, माणूस मोकळा." मग त्याच्या जागी फ्रिम्पाँग चालेल का, विर्ट्झवर एवढे पैसे घालावेत का, असं तासभर चाललं. तिकडे ॲनफिल्डवर आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात स्वतःच्याच प्रेक्षकांनी ट्रेंटची हुर्यो उडवली होती. पोराचं म्हणणं, बरोबरच केलं.

माझा चहा मात्र 'गद्दार' या शब्दाशी अडला. मराठवाड्यात, त्यातून मुसलमानाच्या घरात, हा शब्द असा सहज गिळता येत नाही. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादाअब्बा म्हणायचो, करमाड स्टेशनच्या भागात रेल्वेत गँगमन होते. तेव्हा ही मीटरगेज लाईन निजाम स्टेट रेल्वेची. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्यासारख्या घरांना मनातून तुम्ही नक्की कुणाचे, हा प्रश्न ऐकावा लागला. तोंडावर कुणी विचारो न विचारो. दादाअब्बा त्यावर फार बोलत नसत. बोलायचे ते फुटबॉलवर. रेल्वेनं येणारं हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र एक-दोन दिवस शिळं हाती पडायचं, त्यात ते आधी खेळाचं पान उघडायचे. कारण तेव्हा आपला संघ, म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस, जिंकत होता.

'आपला' हा शब्द आजच्या वाचकाला खटकेल, म्हणून सांगतो. १९५६ पर्यंत औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. तेव्हा करमाडच्या माणसाचं राजधानीचं शहर मुंबई नव्हतं, हैदराबाद होतं.

या संघाची कामगिरी आजही अविश्वसनीय वाटते. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारी रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ पासूनची. गोऱ्या पलटणींची मक्तेदारी मोडून ती जिंकणारा पहिला भारतीय संघ म्हणजे १९३७ चा बंगलोर मुस्लिम्स. पण हैदराबाद सिटी पोलिसांनी हा कप १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वर्षं जिंकला. १९५० ची ड्युरँडही त्यांचीच. तारखा नीट पाहा. राज्य पडून दोन वर्षं झालेली, त्या राज्यातल्या माणसांच्या निष्ठेची चौकशी अजून संपलेली नाही, आणि त्याच राज्याच्या पोलिसांचा संघ मुंबईत येऊन देशातल्या मातब्बरांना हरवतोय. संघात कितीतरी नावं मुसलमान. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. १९५१ ला दिल्लीतल्या पहिल्या एशियाडमध्ये भारतानं इराणला १-० हरवून सुवर्णपदक घेतलं, तेव्हाही प्रशिक्षक हेच रहीमसाहेब. त्यांना कुणी देशनिष्ठेचा दाखला मागितल्याचं मी वाचलेलं नाही. निकाल बोलत होता.

तर या संघात खेळाडू यायचे कसे? ट्रान्सफर फी वगैरे काही नव्हतं. पोलिसात भरती व्हायची. गरिबाच्या मुलाला पक्की नोकरी, महिन्याला पगार, आणि संध्याकाळी मैदान. तीच त्या काळची 'साइनिंग'. कलकत्त्याचा हिशोब वेगळा होता. तिथं तिकीट काढून सामना बघणारा मोठा वर्ग होता, त्यामुळे क्लबांकडे पैसा होता. कागदोपत्री सगळे हौशी, पण चांगल्या खेळाडूला काय मिळतं हे सगळ्यांना माहीत. लांबून खेळाडू आणायची हिंमतही त्या शहरात जुनी. मोहम्मडन स्पोर्टिंगनं १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकली, ती बंगालबाहेरून, दूरदूरच्या प्रांतांतून खेळाडू गोळा करूनच. नंतर तर खेळाडूंच्या सह्यांचा हंगाम आला की क्लबचे लोक त्यांना कुणाच्या तरी घरात, हॉटेलात लपवून ठेवायचे. सही होईपर्यंत विरोधी क्लबच्या माणसाची सावली पडू द्यायची नाही. लग्नघरात नवरीला जपतात तसं.

या कलकत्त्यानं हैदराबादचे मोहरे एकेक करून नेले. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा पोरगा. घरी गरिबी. सरावाला यायला भाड्याची सायकल लागायची, तिचा रोजचा रुपया रहीमसाहेब द्यायचे असं सांगतात. हाच बलराम १९५७ मध्ये ईस्ट बंगालला गेला. रुपयाची गोष्ट ऐकली की कुणीही म्हणेल, एवढं करूनही गेला? पण रहीमसाहेबांनीच पुढे त्याला भारताच्या संघात खेळवलं. १९६२ ला जकार्तात भारतानं पुन्हा सुवर्णपदक जिंकलं, त्यात बलराम होता. गुरूनं त्याच्या जाण्याचं काही मनात ठेवलं असेल असं यावरून तरी वाटत नाही. बलरामनं ईस्ट बंगालचं कर्णधारपद केलं, १९६१ ची लीग जिंकून दिली, आणि सत्ताविशीच्या आसपास छातीच्या आजारानं खेळ सुटला. उरलेलं आयुष्य कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यात गेलं. २०२३ च्या फेब्रुवारीत ते वारले. ज्या क्लबसाठी गाव सोडलं त्याच्याबद्दलची नाराजी त्यांनी शेवटपर्यंत लपवली नाही. निष्ठेचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडायचा असतो, हे आपण विसरतो.

गोलरक्षक पीटर थंगराजचं पाहा. हाही हैदराबादचाच. फौजेतून १९६० मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगला, मग मोहन बागान, मग ईस्ट बंगाल. ख्रिस्ती माणूस मोहम्मडनच्या जाळ्यासमोर उभा राहिला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि मोहम्मद हबीब, 'बडे मियाँ'. जन्म १९४९, हैदराबादचा. १९६६ मध्ये ईस्ट बंगालला गेला. पुढची सतरा-अठरा वर्षं हा माणूस ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मडन या तिघांत येरझाऱ्या घालत राहिला. आमच्या हॉटेलातल्या पोराच्या मापानं मोजलं तर हबीब किमान सहा-सात वेळा गद्दार ठरतो! पण तिन्ही क्लबांचे पाठीराखे आजही त्यांचं नाव अदबीनं घेतात. नोकऱ्या नाकारून फक्त फुटबॉलवर पोट भरणारा भारतातला पहिला खरा व्यावसायिक, असं त्यांना म्हणतात. १९७७ मध्ये पेले कॉसमॉस संघाबरोबर ईडन गार्डन्सवर आला, तेव्हा मोहन बागानकडून हबीबनं गोल केला आणि सामना २-२ असा सुटला. क्लब कुठलाही असो, अंगावर असेल त्या शर्टासाठी जीव तोडून खेळायचं, एवढंच त्यांनी केलं. २०२३ च्या १५ ऑगस्टला हैदराबादेतच त्यांचा इंतकाल झाला.

हैदराबादचे जुने लोक म्हणतात, कलकत्त्यानं आमचा फुटबॉल खाल्ला. मला हे अर्धंच खरं वाटतं. पोरं गेली, कारण तिथं पोट भरत होतं. पण १९६३ मध्ये रहीमसाहेब गेले, आणि त्यांच्यासारखी पोरं घडवणारा दुसरा माणूस उभा राहिला नाही. त्याचा दोष गेलेल्या पोरांवर कसा टाकणार?

ज्या इंग्लंडचे क्लब आमची पोरं स्वतःचे समजतात, तिथला जुना कायदा ऐकला तर त्यांना घाम फुटेल. १८९३ पासून तिथं नियम असा की करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकतो. पगार द्यायचा नाही, दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडचा जुना सालगडी आठवा. उचल फिटेपर्यंत वाड्यातून पाऊल बाहेर टाकता येत नसे, इथं तर उचलही नव्हती. जॉर्ज ईस्टहॅमनं न्यूकॅसलविरुद्ध कोर्टात जाऊन १९६३ मध्ये हा नियम खिळखिळा केला. पुढे बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन युरोपच्या न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ च्या निकालानं युरोपीय संघातल्या खेळाडूला करार संपल्यावर पैसे न भरता दुसऱ्या देशात जायची मोकळीक मिळाली. बोसमनचं स्वतःचं करिअर मात्र त्या लढाईत संपलं. ट्रेंट ज्या वाटेनं माद्रिदला गेला, ती वाट या माणसानं पाडलेली.

आता मालकांकडे या. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी आला. २०१९ ला तो बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. मला कोण आनंद! इतक्या वर्षांनी हैदराबादचा संघ. २०२२ च्या मार्चमध्ये फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून तो विजेताही झाला. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तो बाडबिस्तरा गुंडाळून दिल्लीला गेला, नावही बदललं, स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्याच्या आणि हैदराबादच्या ज्या पोरांनी शर्ट विकत घेतले त्यांना कुणी विचारलं नाही. मालकाला मात्र कुणी गद्दार म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथं त्याला स्थलांतर म्हणतात.

दादाअब्बांनी आयुष्यात एकदाही नोकरी बदलली नाही. तरी १९५१ मध्ये त्यांचा मालक बदलून मध्य रेल्वे झाला, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे. राज्यही बदललं, आधी हैदराबाद, मग मुंबई, मग महाराष्ट्र. ते मात्र त्याच रुळांवर तोच हातोडा घेऊन चालत राहिले.

दिवाळीनंतर तो लिव्हरपूलवाला पोरगा पुन्हा हॉटेलात भेटला. अंगात नव्या कंपनीचा गणवेश. ठेकेदार बदलला होता, महिन्याला दीड हजार जास्त. जुना सुपरवायझर काय म्हणाला, असं मी विचारलं.

"ते नका विचारू चाचा, शिव्याच घातल्या. म्हणे, काम आम्ही शिकवलं."

मी म्हटलं, "आणि तुमच्या इसाकचं काय?" इसाकनं उन्हाळ्यात न्यूकॅसलकडून खेळायला नकार दिला होता, आणि १ सप्टेंबरला लिव्हरपूलनं त्याला साडेबारा कोटी पौंडांना घेतलं होतं.

"तो वेगळा विषय आहे," पोरगा एकदम गंभीर झाला. "त्याला न्यूकॅसलवाल्यांनी शब्द दिला होता ना."

मी दोन कटिंग सांगितले.