दर दोन तासांनी

इसवी सनापूर्वी सतराव्या शतकाच्या सुमाराची एक इजिप्शियन वैद्यकीय गुंडाळी ‘एडविन स्मिथ पपायरस’ या नावाने प्रसिद्ध आहे. मानेचा मणका निखळून हातापायांची जाणीव गेलेल्या रुग्णाचे वर्णन तीत सापडते. निर्णयही दिलेला आहे: यावर उपचार करू नयेत. हा निर्णय जवळजवळ साडेतीन हजार वर्षे टिकला. पहिल्या महायुद्धातही मज्जारज्जू दुखावलेले बहुतेक सैनिक वाचले नाहीत. मूळ जखमेतून निभावले, तरी पुढे शय्याव्रणे आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग त्यांचा जीव घेत.

नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडच्या आश्रयाला आलेल्या डॉ. लुडविग गुटमन यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेविल येथे अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. त्यांची शिस्त साधी, पण कठोर होती. दर दोन तासांनी, मध्यरात्रीही, रुग्णाची कूस बदलायची, त्वचा न्याहाळायची, मूत्राशय तुंबू द्यायचे नाही. माणसे जगू लागली. १९४८ साली चाकांच्या खुर्चीतून धनुर्विद्येच्या स्पर्धेतही उतरली. आपल्याकडे १९६५च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडलबर्गला जलतरणात सुवर्णपदक मिळवले, ते याच परंपरेत.

मी डॉक्टर नाही. जुने वैद्यकीय कागद वाचण्याचा नाद मला दादामुळे लागला. १९८६ साली तो आंब्यावरून पडला आणि त्याच्या मानेला इजा झाली. शहरातल्या इस्पितळातून घरी पाठवताना आम्हाला सांगितले ते एवढेच, ‘कूस बदलत राहा.’ आई गजर लावून उठायची. एका संध्याकाळी दादाचे डोके फुटायला आले. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा. गावातल्या डॉक्टरांनी डोकेदुखीची गोळी दिली. शेजारच्या निवृत्त परिचारिकाबाईंनी चादर वर केली. लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. त्यांनी ती सरळ केली आणि काही मिनिटांत दादा शांत झाला.

मूत्राशय तुंबले की अशा रुग्णांचा रक्तदाब एकाएकी धोकादायक चढतो, हे गुटमन आणि व्हिटरिज यांनी १९४७ सालीच प्रसिद्ध केले होते. तो निबंध मी दादा गेल्यानंतर वाचला. उपचारांचा इतिहास आपण मोठ्या रुग्णालयांचा लिहितो. पण रुग्ण उरलेले आयुष्य घरी काढतो, आणि पहिली हाक गावातल्या डॉक्टरलाच जाते. त्या डॉक्टरने गोळी देण्याआधी रुग्णाला उठवून बसवावे आणि नळी पाहावी, एवढे त्याला कुणीतरी सांगून ठेवायला हवे होते.