अक्षरी एलसीडी पटलाचे दोषनिवारण

अक्षरी एलसीडी हे ठरावीक चौकटींत अक्षरे, अंक व चिन्हे दाखवणारे द्रवस्फटिक पटल होय. प्रत्येकी सोळा चौकटींच्या दोन ओळी असलेले १६×२ पटल हा त्याचा सर्वाधिक परिचित प्रकार आहे. मायक्रोकंट्रोलरवरील प्रोग्रामचा जो भाग पटलाला आज्ञा व अक्षरे पुरवतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला असे पटल जोडण्याचा प्रयोग अंतर्भूत आहे.

आज्ञा चुकली तरी पटलाकडून तसा कोणताही संदेश परत येत नाही. त्यामुळे पटलावर जे दिसते, किंवा दिसत नाही, त्या लक्षणावरूनच दोषाचे स्थान ओळखावे लागते. दोष वीजपुरवठा, जोडणी, कालमर्यादा, स्मृतीतील पत्ता किंवा अक्षरांचा संकेतांक यांपैकी एका पातळीवर असतो. देवनागरी मजकूर न दिसणे हा मात्र दोष नसून या पटलाच्या रचनेची मर्यादा आहे.

या लेखातील आज्ञा, पत्ते व अक्षरांचे संकेतांक षोडशमान पद्धतीत दिले आहेत. या पद्धतीत ९ नंतर ए, बी, सी, डी, ई व एफ ही अक्षरे अंक म्हणून येतात.

## रचना

बहुतेक अक्षरी पटलांत हिताची कंपनीने १९८० च्या दशकात तयार केलेला एचडी४४७८० हा नियंत्रक किंवा त्याच्याशी सुसंगत असा अन्य नियंत्रक असतो. त्यात तीन प्रकारची स्मृती असते. पहिली ८० बाइटची दर्शकस्मृती. पटलावर दिसणाऱ्या अक्षरांचे संकेतांक तिच्यात राहतात. दुसरी कायमस्वरूपी अक्षरस्मृती. तिच्यात कारखान्यातच कोरलेल्या अक्षराकृती असतात. तिसरी ६४ बाइटची बदलती अक्षरस्मृती. तिच्यात वापरकर्त्याला ५×८ ठिपक्यांच्या आठ आकृती भरता येतात.

पटलाच्या पहिल्या तीन पिना अनुक्रमे भूमी, वीजपुरवठा व काँट्रास्ट यांसाठी असतात. चौथी पिन आरएस. ती शून्य असताना पाठवलेला बाइट आज्ञा मानला जातो व एक असताना अक्षर. पाचवी आर/डब्ल्यू ही पिन वाचन की लेखन हे ठरवते. सहावी पिन ई, म्हणजे एनेबल. तिच्यावरील स्पंद वरून खाली येताना नियंत्रक माहिती उचलतो. ७ ते १४ या पिना डी० ते डी७ या माहितीवाहिन्यांच्या असून १५ व १६ या पिना मागील प्रकाशासाठी असतात. काही पटलांत शेवटच्या दोन पिनांचा क्रम उलट असतो.

## आरंभीकरण

वीज मिळताच नियंत्रक स्वतःला आठ वाहिन्यांच्या, एका ओळीच्या स्थितीत आणतो व दर्शन बंद ठेवतो. वीजपुरवठा हळूहळू वाढल्यास हे अंतर्गत आरंभीकरण नीट होत नाही. मायक्रोकंट्रोलर रीसेट केला, पण पटलाची वीज सुरूच राहिली, तर ते मुळीच होत नाही. म्हणून ड्रायव्हरने पुढील क्रम स्वतः पार पाडणे आवश्यक असते.

1. पुरवठा ४.५ व्होल्टवर पोहोचल्यानंतर किमान १५ मिलिसेकंद थांबणे.
2. ३० ही आज्ञा पाठवून ४.१ मिलिसेकंदांहून अधिक थांबणे.
3. ३० पुन्हा पाठवून १०० मायक्रोसेकंदांहून अधिक थांबणे.
4. ३० तिसऱ्यांदा पाठवणे.
5. चार वाहिन्यांची जोडणी असल्यास २० या आज्ञेचा केवळ वरचा अर्धा भाग पाठवणे.
6. त्यानंतर चार वाहिन्यांसाठी २८ किंवा आठ वाहिन्यांसाठी ३८, दर्शन बंद करण्यासाठी ०८, पटल पुसण्यासाठी ०१, लेखनाची दिशा ठरवण्यासाठी ०६ व दर्शन सुरू करण्यासाठी ०सी या आज्ञा पाठवणे.

चार वाहिन्यांच्या जोडणीत प्रत्येक बाइट दोन अर्ध्या भागांत जातो. एखादा अर्धा भाग गळाला, तर पुढील प्रत्येक बाइटचे तुकडे चुकीच्या जोड्यांनी वाचले जातात. एकच आज्ञा तीनदा पाठवण्याचे कारण हेच आहे. नियंत्रक आधी कोणत्याही स्थितीत असला, तरी तिसऱ्या आज्ञेअखेर तो आठ वाहिन्यांच्या स्थितीत येतो. रीसेटचे बटण दाबल्यावर मजकूर बिघडत असेल व वीज बंद करून सुरू केल्यावर सुधारत असेल, तर हा क्रम अपुरा आहे असे समजावे.

## लक्षणे व कारणे

### पटल पूर्ण कोरे

मागील प्रकाश लागतो, पण काहीच दिसत नाही, अशा वेळी प्रथम काँट्रास्ट तपासतात. तिसऱ्या पिनेला १० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचा मधला पाय जोडतात. ५ व्होल्टच्या सामान्य पटलात या पिनेवरील दाब शून्य ते एक व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो. तो पुरवठ्याच्या दाबाजवळ असेल, तर अक्षरे लिहिली जाऊनही दिसत नाहीत. ५ व्होल्टचे पटल ३.३ व्होल्टवर चालवल्यास तिसऱ्या पिनेला ऋण दाब द्यावा लागतो. केवळ पोटेन्शिओमीटर फिरवून अक्षरे उमटत नाहीत.

काँट्रास्ट तापमानानुसारही बदलतो. तापमान वाढले की पटल अधिक गडद होते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसपर्यंत जातो, तर सामान्य पटलाची कार्यमर्यादा ० ते ५० अंश असते. त्यामुळे हिवाळ्यात जुळवलेल्या व उन्हात बंद पेटीत ठेवलेल्या उपकरणावर मे महिन्यात सर्व चौकटी काळपट दिसू शकतात. हा ड्रायव्हरचा दोष नव्हे.

### वरच्या ओळीत काळे ठोकळे

दोन ओळींच्या पटलात वरची ओळ काळ्या ठोकळ्यांनी भरलेली व खालची कोरी असणे, हे निदानाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त लक्षण आहे. वीजपुरवठा व काँट्रास्ट ठीक आहेत, परंतु नियंत्रक अजून एका ओळीच्या मूळ स्थितीतच आहे, म्हणजे आरंभीकरण त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. ई व आरएस यांच्या तारा, पिनांचे सोल्डर आणि आरंभीचा विलंब यांची तपासणी करावी.

आर/डब्ल्यू पिन मोकळी सोडणे हेही यामागील नेहमीचे कारण आहे. हिताचीच्या नियंत्रकात ही पिन आतून वरच्या पातळीकडे खेचलेली असते. ती मोकळी राहिल्यास नियंत्रक वाचनाच्या स्थितीत राहतो व काहीही लिहिले जात नाही. केवळ लेखन करायचे असल्यास ती भूमीला जोडतात.

### चुकीची अक्षरे

चूक नियमित असेल, तर एखाद्या माहितीवाहिनीत दोष असण्याची शक्यता अधिक. आठ वाहिन्यांच्या जोडणीत डी० भूमीला चिकटली, तर १२३४५ या अंकांऐवजी ०२२४४ उमटतात. शिवाय पटल पुसण्याची ०१ ही आज्ञा ०० होऊन जाते व जुना मजकूर पुसला जात नाही. याउलट डी० ची तार तुटली, तर आतील खेचणीमुळे ती वाहिनी एक वाचली जाते. मग विषम अंक जसेच्या तसे राहतात, २ च्या जागी ३ व ४ च्या जागी ५ येतो. ०सी ची ०डी झाल्याने चौकट लुकलुकते आणि ०६ ची ०७ झाल्याने प्रत्येक अक्षरागणिक सर्व मजकूर सरकतो.

चूक अनियमित असेल, तर कालमर्यादा तपासावी. ५ व्होल्टवर ई चा स्पंद किमान २३० नॅनोसेकंद रुंद असावा लागतो. बहुतेक आज्ञांना ३७ मायक्रोसेकंद, तर पुसण्याच्या आज्ञेला १.५२ मिलिसेकंद लागतात. पुसल्यानंतर पुरेसे न थांबल्यास पुढील मजकुराची पहिली अक्षरे गळतात.

### अक्षरे भलत्या जागी

पहिल्या ओळीचे पत्ते ०० पासून व दुसरीचे ४० पासून सुरू होतात. दोन्ही ओळींच्या पत्त्यांत खंड असल्यामुळे सतरावे अक्षर आपोआप दुसऱ्या ओळीत जात नाही. ते पहिल्या ओळीच्या न दिसणाऱ्या भागात लिहिले जाते. दुसऱ्या ओळीच्या आरंभासाठी सी० ही आज्ञा द्यावी लागते. २०×४ पटलात तिसरी ओळ १४ पासून व चौथी ५४ पासून सुरू होते. काही १६×१ पटले आतून आठ-आठ चौकटींच्या दोन ओळी असतात. तेथे नववे अक्षर ४० या पत्त्यावर लिहावे लागते; अन्यथा पटलाचा अर्धा भाग रिकामा राहतो.

## मायक्रोकंट्रोलरनुसार येणारे दोष

८०५१ च्या पोर्ट ० ला आतून खेचरोध नसतात. बाहेरून रोधांची पट्टी न जोडल्यास त्यावरील वाहिन्या वरच्या पातळीला जात नाहीत. १२ मेगाहर्ट्झवर मूळ ८०५१ चे एक यंत्रचक्र १ मायक्रोसेकंदाचे असते. त्या हिशेबाने लिहिलेली विलंबाची आवर्तने एका स्पंदात चक्र पूर्ण करणाऱ्या आधुनिक प्रकारांवर अनेक पटींनी लवकर संपतात व जुना, चालणारा ड्रायव्हर अचानक बिघडतो.

एटीमेगा१६ व एटीमेगा३२ यांत पोर्ट सी च्या २ ते ५ या पिना कारखान्यातून येताना जेटॅग चाचणी सुविधेकडे असतात. ती बंद केल्याशिवाय त्या पिनांवरून पटल चालत नाही. पिक१६एफ८७७ए मध्ये पोर्ट ए च्या अनेक पिना आरंभी ॲनालॉग स्थितीत असतात.

काही ड्रायव्हर ठरावीक काळ थांबण्याऐवजी डी७ वरील व्यस्ततेची खूण वाचतात. आर/डब्ल्यू भूमीला जोडलेली असताना असा ड्रायव्हर वापरल्यास तो खूण उतरण्याची वाट पाहत कायमचा अडकू शकतो. ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला ५ व्होल्टचे पटल जोडताना वाचन टाळणेच इष्ट; कारण पटलाकडून येणारे ५ व्होल्ट मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला अपाय करू शकतात.

## आयटूसी जोडपट्टी

तारांची संख्या कमी करण्यासाठी पटलामागे पीसीएफ८५७४ या चिपची पट्टी लावतात. या चिपचे पत्ते २० ते २७, तर पीसीएफ८५७४ए चे ३८ ते ३एफ असतात. पट्टीवरील पत्त्याचे जोड मोकळे असतील, तर सामान्यतः २७ किंवा ३एफ हा पत्ता मिळतो. चिपच्या नावातील एका अक्षराच्या फरकामुळे प्रोग्राममधील पत्ता चुकतो व पटल निश्चल राहते. मागील प्रकाश लागणे हे येथे जोडणीचे प्रमाण मानू नये; मात्र प्रोग्राममधून तो चालू-बंद करता आला, तर पत्ता बरोबर असल्याचे सिद्ध होते.

## देवनागरी मजकूर

एचडी४४७८० च्या ए०० या प्रचलित आवृत्तीत रोमन अक्षरे, अंक व जपानी काताकाना अक्षरे आहेत, देवनागरी नाही. प्रोग्राममध्ये मराठी शब्द थेट लिहिल्यास काय होते, हे 'भंडारा' या शब्दावरून समजते. युनिकोडनुसार या शब्दात भ, अनुस्वार, ड, काना, र व काना अशी सहा चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण अठरा. प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट ई० व ए४ हेच असतात. ए०० आवृत्तीत ई० म्हणजे ग्रीक अल्फा व ए४ म्हणजे एक जपानी विरामचिन्ह. त्यामुळे सोळा चौकटींत अल्फा सहा वेळा उमटते आणि शेवटचे दोन बाइट दृष्टीआड जातात. ठरावीक अंतराने येणारा अल्फा ही यूटीएफ-८ मजकुराची खूण आहे; तारा तपासण्यात वेळ घालवण्याचे तेथे कारण नसते.

यावर उपाय म्हणजे अक्षराकृती स्वतः तयार करून बदलत्या अक्षरस्मृतीत भरणे. 'भंडारा जिल्हा' या शब्दांसाठी भं, ड, काना, र, पहिली वेलांटी, ज, अर्धा ल व ह अशा नेमक्या आठ आकृती लागतात. काना तीनदा वापरता येतो. वेलांटी उच्चारात नंतर येत असली, तरी पटलावर ती ज च्या आधीच्या चौकटीत ठेवावी लागते. चौकटींमध्ये फट असल्याने शिरोरेषा अखंड दिसत नाही.

येथे उपलब्ध जागा संपते. त्यानंतर दुसऱ्या ओळीत 'तुमसर' हे तालुक्याचे नाव लिहायचे झाल्यास तु, म व स या तीन नव्या आकृती लागतात. त्या पहिल्या तीन जागी भरल्या, तर वरच्या ओळीतील भं, ड व काना तत्काळ तु, म व स मध्ये बदलतात. कारण पटल आकृतीची प्रत ठेवत नाही, ती स्मृतीतून सतत वाचत राहते. सर्व मराठी मजकूर दाखवायचा असल्यास प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे हाताळता येणारे १२८×६४ सारखे चित्रपटल वापरणे योग्य ठरते.

आकृती भरताना दोन चुका वारंवार होतात. आकृती भरल्यानंतर दर्शकस्मृतीचा पत्ता पुन्हा दिला नाही, तर पुढील मजकूर अक्षरस्मृतीतच लिहिला जाऊन आकृती बिघडतात. तसेच सी भाषेत ०० हा संकेतांक शब्दाचा शेवट मानला जातो. त्यामुळे पहिली आकृती शब्दाच्या मध्ये आल्यास उरलेला मजकूर छापला जात नाही. तीच आकृती ०८ या संकेतांकानेही मिळत असल्याने ही अडचण टाळता येते.

## तपासणीचा क्रम

दोष शोधताना प्रोग्राम बदलण्यापूर्वी मल्टिमीटरने पुरवठा व तिसऱ्या पिनेवरील दाब मोजावा. काळे ठोकळे दिसेपर्यंत काँट्रास्ट फिरवावा. नंतर आर/डब्ल्यू, आरएस व ई यांची जोडणी तपासावी. त्यानंतर सर्व विलंब मुद्दाम अनेक पटींनी वाढवून पाहावेत; दोष नाहीसा झाल्यास तो कालमर्यादेचा होता हे निश्चित होते. अखेरीस रोमन अंकांचा छोटा मजकूर लिहून वाहिन्यांची खातरजमा करावी आणि मगच स्वतःच्या अक्षराकृतींकडे वळावे. एका वेळी एकच बदल केल्यास कोणत्या बदलाने दोष गेला हे कळते.

## हेही पहा

* मायक्रोकंट्रोलर
* द्रवस्फटिक
* युनिकोड
* देवनागरी