ताराबाईंनी पुस्तकांना विचारलेले प्रश्न



गटाच्या बैठकीत आपण पैशांवर मोकळेपणी बोलतो. कुणाचा हप्ता थकला तर तिथल्या तिथं विचारतो, व्याजाचा हिशोब चुकला तर वही पुढं ओढतो. पण वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचून झालं आणि कुणी विचारलं, "कसं वाटलं गं?" तर आपलं उत्तर एकच: "छान आहे." पुस्तक लिहिणारा शिकलेला माणूस, त्याला आपण काय बोलणार, असं मनात असतं. म्हणून आज इतिहासातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. आपल्या काळात लोक जी पुस्तकं वाचत होते, त्यांच्यावर त्यांनी आपलं मत छापून सांगितलं, तेही 1882 साली.

त्यांचं नाव ताराबाई शिंदे. गाव बुलढाणा. जन्म 1850 च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे होते. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 ला मुलींची शाळा काढली होती, पण बुलढाण्याकडे तशी सोय नव्हती. वडिलांनीच लेकीला घरी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न झालं तेव्हा नवरा घरजावई आला. मूलबाळ झालं नाही. मराठ्यांच्या रीतीप्रमाणं बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत राहायचं. ताराबाईंना जग दिसायचं ते बरंचसं पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून.

1881 साली सुरतेत एक खटला झाला. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं आणि लोकलाजेपायी तिनं ते मारलं, म्हणून कोर्टानं तिला फाशी सांगितली. पुढे अपिलात ती शिक्षा कमी झाली. विधवेनं पुन्हा लग्न करायला 1856 च्या कायद्यानं परवानगी होती, पण कायदा कागदावर आणि रूढी घरात. कष्टकरी जातींत पाट लावायची, म्हणजे मोहतुराची चाल होती. ब्राह्मणांत आणि बड्या मराठा घरांत मात्र बंदी होती. खटला गाजला तशी वर्तमानपत्रं बायकांना नावं ठेवू लागली. 'पुणेवैभव' या पत्रानंही बायकांच्या वागण्यावर तोंडसुख घेतलं. त्या पोरीला दिवस गेले त्यात एक पुरुषही होता, त्याचं नाव कुणी काढेना.

ताराबाईंनी लेखणी उचलली आणि 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 500 प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. वर्तमानपत्राला उत्तर द्यायला बसलेल्या ताराबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बायकांविषयी असं वाईट बोलायला लोक शिकतात कुठून, हे त्यांनी शोधलं, आणि त्या पुस्तकांपाशी आल्या. त्या वेळी 'स्त्रीचरित्र' नावाचं पुस्तक लोक चवीनं वाचत. बायका कशा कपटी असतात, याच्या गोष्टी त्यात. 'मुक्तामाला' ही 1861 ची आणि 'मंजुघोषा' ही 1868 ची कादंबरीही वाचणाऱ्यांच्या हातात होती. ताराबाईंनी या पुस्तकांची नावं घेऊन त्यांना जाब विचारला.

त्या कशा वाचत होत्या ते बघू, कारण आपल्याला घेण्यासारखं तेच आहे.

पहिली गोष्ट, हे लिहिलं कुणी, असं त्या विचारत. पोथ्या, शास्त्रं, कथा लिहिणारे सगळे पुरुष. मग त्यात दोष बायकांच्याच पदरात पडले यात नवल काय?

दुसरी गोष्ट, वाक्य उलटं करून बघत. बायकांचे दोष एकापुढं एक सांगणारा एक जुना संस्कृत श्लोक होता. ताराबाईंनी त्यातला एकेक दोष घेतला आणि विचारलं, हा पुरुषांत नाही का? कपट, साहस, खोटेपणा, सगळं तपासलं. नवऱ्याला देव माना म्हणता, तर नवऱ्यानं देवासारखं वागायला नको का? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागं गेली, तसा बायकोसाठी कोणता नवरा गेला?

तिसरी गोष्ट, पुस्तकातलं त्या घरातल्या जगण्याशी ताडून बघत. विधवेला कसं वागवतात, म्हाताऱ्याच्या गळ्यात पोर कशी बांधतात, हे त्यांना ठाऊक होतं. पुस्तक एक सांगतं आणि घरात वेगळंच दिसतं, तर पुस्तकाला प्रश्न विचारायचा हक्क आहे, असं त्यांनी धरलं.

या तिन्ही गोष्टींना पदवी लागत नाही, हे ध्यानात घ्या.

पण मत सांगण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी 1885 च्या 'सत्सार' मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, त्यांना आपल्या लेकीसारखं मानून लिहिलं. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. त्यांचं पुस्तकही लोक विसरले. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा छापून काढलं. मधे नव्वदच्या वर वर्षं गेली. एवढी वर्षं आपल्या आज्या-पणज्यांना कळलंच नाही, की आपल्यासारखीच एक उंबऱ्याआडची बाई असं बोलून गेली. बाईनं मत सांगितलं आणि ऐकणारं कुणी नसलं, की असं होतं.

त्याच 1882 साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. तिथं बायका एकत्र बसत, ऐकत, बोलत. ताराबाईंना बुलढाण्यात असा घोळका नव्हता. आपल्याला आहे. दर महिन्याला पंधरा-वीस जणी एका सतरंजीवर बसतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. बैठकीत हिशोब झाला, सह्या-अंगठे झाले, की शेवटची दहा मिनिटं पुस्तकाला द्या. एकीनं वाचलेलं सांगायचं. जिला वाचता येत नाही तिला दुसरीनं दोन पानं वाचून दाखवायची. ऐकलेल्या पुस्तकावरही मत असतं. मग "छान आहे" याच्या पुढं जायचं. यातली सासू खरी वाटली का? शेत कुणाच्या नावावर होतं? बाई गप्प बसली ती का? "पटलं नाही" म्हणायला हरकत नाही, फक्त का पटलं नाही ते सांगायचं. दोघींचं मत वेगळं पडलं तर भांडण समजायचं नाही.

ताराबाईंचंही सगळं पटलंच पाहिजे असं नाही. रोजानं खुरपायला जाणाऱ्या बाईचं दुखणं त्यांच्या पुस्तकात फारसं येत नाही, असं कुणाला वाटलं तर तिनं तसं म्हणावं. त्यांनी मोठमोठ्या पोथ्यांना प्रश्न विचारले, आपण त्यांना विचारले तर त्यांना रागच येणार नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे, आणि मान्यता असलेल्या गावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. ते पैसे आपलेच आहेत. आपल्या वाचनालयात 'स्त्रीपुरुषतुलना' आहे का, ते या आठवड्यात दोघींनी जाऊन विचारा. नसेल तर मागणीच्या वहीत लिहा आणि खाली गटाचं नाव घाला.