कैफियतीचा कर्ता कोण?

कर्नल कॉलिन मॅकेंझी 1821 मध्ये निधन पावले, तेव्हा त्यांच्या संग्रहात दीड हजारांहून अधिक हस्तलिखिते आणि कोरीव लेखांच्या सुमारे आठ हजार नकला होत्या. कंपनी सरकारने तो त्यांच्या पत्नीकडून विकत घेतला. विल्सन यांची वर्णनात्मक सूची 1828 मध्ये निघाली. तेव्हापासून हा संग्रह 'मॅकेंझींचा' म्हणून ओळखला जातो. ही षष्ठी तपासून पाहणे आवश्यक आहे.

मॅकेंझींना दक्षिणेतील भाषा अवगत नव्हत्या. गावोगाव फिरून माहिती मिळवणारे, लेख वाचणारे, भाषांतरे करणारे होते ते कावली वेंकट बोरय्या, त्यांचे बंधू लक्ष्मय्या आणि त्यांचे सहकारी. संग्रहातील अनेक ग्रामवृत्तान्तांना 'कैफियत' म्हणतात. मराठीतही कैफियत म्हणजे अधिकाऱ्यापुढे वा न्यायासनापुढे मांडलेली आपली बाजू. ती सहसा आपणहून लिहिली जात नाही, मागितली जाते. विचारणारा कंपनीचा मोजणी अधिकारी असताना इनामे, देवस्थाने, वतने यांवरील हक्क तिच्यात गोवले जाणे स्वाभाविकच होते. म्हणून तिला कच्ची सामग्री समजणे जितके चूक, तितकेच तिला निरागस लोकवाणी मानणेही.

बोरय्या 1803 मध्ये वारले. मॅकेंझींनंतर लक्ष्मय्यांनी हे कार्य पुढे चालवण्याची इच्छा व्यक्त केली. 1830 च्या दशकात एशियाटिक सोसायटीने त्यांना नकार दिला. माहिती देणारा एतद्देशीय, अर्थ लावणारा युरोपीय, ही वाटणी त्या नकाराने पक्की केली. संहितेचे मूळ शोधण्याआधी ती कोणी, कोणापुढे मांडली हे विचारले नाही, तर आपली समीक्षाही तीच वाटणी पुढे चालवील.