नावे उरतात, मासे?

इसवी सन १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा खुद्री, कोळस, नुक्ता ही इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्यांनी शास्त्रीय नामावलीत नेली. आम्ही भाषेचे अभ्यासक शब्द टिकला की समाधान मानतो. इथे मात्र शब्द टिकूनही त्याचा अर्थ पाण्यातून नाहीसा होत आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या, तपासलेल्या जातींपैकी सुमारे १६ टक्के संकटग्रस्त ठरल्या; नुक्ता त्यांतलाच. धरणे, वाळूउपसा, सांडपाणी ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. महाडजवळ वाळणकोंडीचा डोह लोकांनी देवीच्या श्रद्धेने राखला, म्हणून तिथले महसीर वाचले. साइक्स यांच्या यादीतील प्रत्येक नावासाठी असा एखादा डोह शोधून राखला, तरच ती नावे आम्हांला नुसत्या कोशात पाहावी लागणार नाहीत.