तळ्याचे पाणी आणि न्यायाची कल्पना

न्याय हा शब्द उच्चारताच मराठी वाचकास रामशास्त्री प्रभुणे आठवतात. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशीअंती रामशास्त्र्यांनी राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. ग्रँट डफने ही हकीकत आपल्या इतिहासात घेतली, आणि 1944 साली प्रभातच्या चित्रपटाने ती घरोघर पोचविली. या कथेविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि तिच्यातील एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. ती ही की, सांगितलेले प्रायश्चित्त कोणी घेतले नाही व कोणी घेवविलेही नाही. राघोबादादांची सत्ता गेली ती बारभाईंच्या कारस्थानाने; न्यायासनाने नव्हे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तही हेच दिसते. नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप येतो. न्यायाधीश सज्जन आहे, त्याचे मन आरोपावर विश्वास ठेवण्यास तयार नाही. पण पुरावा उलट पडतो. ब्राह्मणास देहान्त नको, हद्दपारी पुरे, असे मनूच्या आधारे तो राजास कळवितो, आणि पालक राजा सुळाची आज्ञा देतो. पुढे चारुदत्त वाचतो तो वसंतसेना जिवंत परतते म्हणून. आणि पालकाचे राज्यही त्याच वेळी बुडते. नाटक शिकविताना विद्यार्थी नेहमी विचारतात की, न्यायाधीशाने याहून अधिक काय करावयास हवे होते? प्रश्न योग्य आहे. साहित्यास न्यायाचा असाच प्रसंग मानवतो: एकीकडे सत्ता, दुसरीकडे एकटा मनुष्य, आणि मध्ये निर्भय किंवा अगतिक न्यायाधीश.

परंतु लोकांचा नित्याचा न्याय असल्या प्रसंगांत नसतो. पोळा झाल्यावर पावसाने पाठ फिरविली आणि धान पोटरीवर आले, तर तळ्याचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जावे, हा जिथे वर्षाच्या भाकरीचा प्रश्न आहे, अशा मुलखाकडे आम्ही वाचकांस नेऊ इच्छितो. तो मुलूख म्हणजे गोंदिया जिल्हा. 1 मे 1999 पर्यंत हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. येथे राजवाडे थोडे आणि तलाव उदंड. त्यांतला नवेगावबांध सर्वांत प्रसिद्ध. डोंगरांमधल्या खिंडींत पाळी घालून अडविलेले हे विस्तीर्ण पाणी अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पटेल कोहळी याने बांधले असे सांगतात. मरणानंतर तो कोलासुर देव झाला अशी तेथील समजूत आहे. तळे बांधणाऱ्यास देवपण आणि हुकूम सोडणाऱ्यास विस्मृती, ही लोकांची वाटणी आम्हांस मार्मिक वाटते.

कोहळी हे तळी बांधण्यात निष्णात. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन द्यावी, असा गोंड राजांचा शिरस्ता होता अशी परंपरा आहे. मग भोसल्यांचे राज्य आले. 1853 साली नागपूर खालसा झाले. 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्या दशकातील बंदोबस्तात इंग्रज सरकारने गावचा वसूल जमा करणाऱ्या पटलास गावचे मालक ठरविले. हाच मालगुजार. तळ्यांची पाळ वर्षानुवर्षे ज्या हातांनी भरली ते हात बहुधा कुळांचे व मजुरांचे होते, आणि त्यांतले पुष्कळ काम वेठीचे होते. मालकीच्या कागदावर त्यांचे नाव आले नाही. जुन्या मालगुजारीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

तरी त्याच बंदोबस्ताने दुसरा एक कागद केला, आणि आमच्या मते तो पहिल्यापेक्षा थोर. त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. पाणी, वाट, चराई, सरपण यांविषयी त्या त्या गावाची वहिवाट काय, हे त्यात लिहून ठेवीत. गावकऱ्यांच्या या नित्य गरजांच्या हक्कास इकडे ‘निस्तार’ म्हणतात. म्हणजे मालक एक असला तरी पाण्यावर हक्क अनेकांचा, आणि तो कोणाच्या कृपेचा नव्हे तर रिवाजाचा. सर हेन्री मेन 1862 ते 1869 हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री होते. कायदा म्हणजे राजाज्ञा, हे ऑस्टिनचे मत त्यांना येथे टिकेना. रणजितसिंगाने क्षुल्लक अवज्ञेपायी मनुष्याचे प्राण घेतले असते, पण जन्मात एक कायदा केला नाही, असे ते दाखवितात. त्यांची दुसरी एक टीप तर आमच्या विषयास फारच जवळची आहे. सरकारने नवे पाणी आणून दिले की त्याच्या वाटपाचे नियमही नवेच करावे लागत. परंतु गावकरी ते नियम अनादिकालापासून चालत आले आहेत असेच धरून चालत. हे कोणास खोटेपण वाटेल. आम्हांस त्यात मोठे शहाणपण दिसते; कारण हुकूम शेजाऱ्याने केला असे म्हटले की भांडण उभे राहते, आणि पूर्वजांनी केला असे म्हटले की पाणी वाहू लागते.

1950 साली तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने मालगुजारी रद्द करण्याचा कायदा केला. अहेरीच्या जमीनदारांनी त्यास आव्हान दिले, आणि 1952 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. 31 मार्च 1951 पासून गावांवरची मालकी सरकारात निहित झाली. हे व्हावयासच हवे होते. पण त्यातील 5 वे कलम वाचताना आम्ही थबकतो. गावठाण व वहितीची जमीन यांबाहेरील ज्या तळ्यात मालकावाचून अन्य कोणासही सिंचनाचा हक्क नाही, ते तळे मालकाकडेच राहील, असे त्यात आहे. उघडच आहे की, ज्यात इतरांचा हक्क होता ते सामान्यतः सरकारजमा झाले. दुसऱ्यास पाण्याचा थेंब न देणाऱ्याचे तळे वाचले. ज्याच्या तळ्यावर गाव पिकत होते त्याचे गेले!

कायदा करणाऱ्यांचा हेतू आम्हांस समजतो. ज्या पाण्यावर अनेकांचे जीवित अवलंबून, ते एकाच्या हाती ठेवू नये, हे तत्त्व न्याय्यच आहे. चुकले ते पुढे. मालगुजाराची घरची शेती बहुधा त्याच तळ्याखाली असे. पाळ फुटली तर त्याचेही धान बुडे, म्हणून स्वार्थासाठी का होईना, तो पाळ राखी. कायद्याने मालकी उचलून कचेरीत नेली, पण कचेरीचे धान कोठेच नव्हते. प्रदेश तर 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात गेला. दप्तरे तेवढी हिंडली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासे ढिवरांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने, अशी वाटणी झाली. गाळ काढणे मात्र मागे पडत गेले. लोक या तळ्यांना आता ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचा तो संक्षेप. अलीकडे दुरुस्तीच्या सरकारी योजना निघाल्या आहेत, हे नमूद केले पाहिजे. परंतु गाळ काढला म्हणजे हक्क स्पष्ट होतो असे नव्हे.

त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 पाहावी. विदर्भाची ही जुनी परंपरा तिने टाकली नाही. 161 व्या कलमात चराई-सरपणासाठी निस्तारपत्रक आहे, आणि 165 व्या कलमात वाजिब-उल-अर्ज त्याच फारसी नावाने उभा आहे. जिल्हाधिकाऱ्याने गावोगावच्या सिंचनाच्या, वाटेच्या व मासेमारीच्या वहिवाटी शोधून लिहाव्यात, असे ते सांगते. मात्र कोणत्या पाण्याच्या? जे सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचे वा व्यवस्थेतले नाही, त्या पाण्याच्या. म्हणजे ज्या तळ्यांखाली आजही शेकडो बांध्या भिजतात ती 1951 साली सरकारची झाल्यामुळे या वहीबाहेर पडली, आणि जे तळे एका घरापुरते होते ते वहीत येण्यास पात्र राहिले. तेव्हा पाण्याचा तंटा निघाला की शेतकऱ्यास अजून जुन्या बंदोबस्ताच्या वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढण्यासाठी अभिलेखागाराची पायरी चढावी लागते.