तुफानानंतरचे सी आयलंड्स

मोठ्या नैसर्गिक आपत्तीची हकीकत बहुधा दोनच आकड्यांत सांगितली जाते. किती माणसे दगावली आणि किती मदत पोचली, एवढे कळले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. परंतु पाणी ओसरल्यापासून पुढचे पीक हाती येईपर्यंतचे जे खडतर महिने असतात, त्यांत वाचलेल्या माणसांनी स्वतः काय केले, याची नोंद क्वचितच होते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील सी आयलंड्स या बेटांवर 1893 साली जे घडले, ते या दृष्टीने स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांच्या किनाऱ्यालगत ही सखल बेटे पसरली आहेत. तेथील बहुसंख्य रहिवासी पूर्वीचे गुलाम आणि त्यांची मुलेबाळे होती. यादवी युद्धाच्या आरंभी, नोव्हेंबर 1861 मध्ये, उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलचा परिसर जिंकला आणि गोरे मळेवाले पळून गेले. सरकारी कर थकल्यामुळे त्यांच्या जमिनी लिलावात निघाल्या. पुढे यांतीलच लहान लहान तुकडे अनेक मुक्त गुलामांनी काटकसरीने पैसा साठवून विकत घेतले. लांब धाग्याचा कापूस, मका आणि रताळी ही त्यांची पिके. जोडीला मासेमारी आणि फॉस्फेटच्या खाणकामावरची मजुरी. श्रीमंती नव्हती, पण पायाखालची जमीन स्वतःची होती.

27 ऑगस्ट 1893 च्या रात्री सव्हाना शहराजवळ चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले आणि समुद्र बेटांवर चढून आला. मृतांची नेमकी संख्या कधीच निश्चित झाली नाही. ती एक ते दोन हजारांच्या घरात असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. सुमारे 30,000 माणसे निराधार झाली. उभी पिके गेली, विहिरी खाऱ्या झाल्या, होड्या फुटल्या आणि पाठोपाठ तापाची साथ आली. त्याच वर्षी साऱ्या अमेरिकेत आर्थिक मंदीने पेढ्या बुडत होत्या. त्यामुळे देणाऱ्यांचे हातही आखडलेले होते.

पहिली धावपळ ब्यूफर्ट आणि चार्ल्सटन येथील नागरिकांच्या समित्यांनी केली. 1 ऑक्टोबरपासून हे काम अमेरिकन रेड क्रॉसने हाती घेतले. संस्थेच्या संस्थापिका क्लारा बार्टन त्या वेळी 71 वर्षांच्या होत्या. केंद्रीय काँग्रेसने या कार्यासाठी निधी मंजूर केला नाही. लोकवर्गणीतून आलेला पैसा माणशी जेमतेम एक डॉलर पडेल इतकाच होता आणि त्यावर पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा काळ काढायचा होता.

एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर काम निभावले, कारण त्याचा मुख्य भार बेटवासीयांनीच उचलला. कोणाच्या घरी खरोखर चूल पेटत नाही, हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण, पण शेजाऱ्याला ते सांगावे लागत नाही. वस्तीवस्तीतील विश्वासू माणसांकडे वाटपाची देखरेख आली. शिधा म्हणजे आठवड्याला थोडा मक्याचा भरडा आणि रत्तलभर डुकराचे मांस. उत्तरेकडून जुन्या कपड्यांची पिंपे येत. स्त्रियांनी शिवणमंडळे स्थापून ते कपडे उसवले, बेतले आणि पुन्हा शिवले.

फुकटच्या अन्नाने मजूर आळशी होतील, अशी तक्रार तेव्हाही झाली. तिला उत्तर मिळाले ते कुदळी-फावड्यांनी. शिध्याच्या जोडीला काम ठेवण्यात आले आणि पुरुषांनी पाणथळ शेतांतून मैलोगणती चर खणले. तापाचा डासांशी असलेला संबंध तोवर सिद्ध झालेला नव्हता. रोनाल्ड रॉस यांचा सिकंदराबाद येथील शोध 1897 सालचा. तरीही साचलेले पाणी हटले म्हणजे हवा सुधारते आणि जमीन पुन्हा पिकते, हे अनुभवाने ठाऊक होते. त्या चरांनी दोन्ही कामे केली.

वसंत ऋतू आला तसे बियाणे वाटण्यात आले. सेंट हेलेना बेटावर बियाण्यासाठी बटाटे कापत बसलेल्या स्त्रियांचे त्या काळचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. 1894 च्या उन्हाळ्यात शेते हिरवी झाली आणि रेड क्रॉसने आपला मुक्काम हलविला.

सगळेच सावरले असे मात्र नाही. फॉस्फेटचा धंदा पूर्ववत झाला नाही आणि अनेकांना पोटासाठी बेटे सोडावी लागली. त्याहून मोठा घाव माणसांनी घातला. 1895 साली दक्षिण कॅरोलायनाने नवी राज्यघटना केली. साक्षरतेच्या व मालमत्तेच्या अटी घालून तिने बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतला. गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे काँग्रेसचे सभासद झालेले ब्यूफर्टचे रॉबर्ट स्मॉल्स यांनी घटनासभेत तिला विरोध केला, पण तो विफल ठरला.

शिध्याचा हिशोब ठेवणारे, चर खणणारे आणि बियाणे राखणारे लोक राज्यकारभारात मत देण्यास अपात्र आहेत, असे ती घटना सांगत होती. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आपली उद्ध्वस्त बेटे पुन्हा लागवडीखाली आणली होती.